मानशीच्या दारातली मासळी: गोव्याच्या खाजन शेतीची पार्श्वभूमी

गोव्यात खाजनाचा बांध फुटला, शेतात खारं पाणी शिरलं, अशी बातमी आली की आपण ती निसर्गाच्या खात्यावर टाकतो. उधाण आलं, बांध गेला, संपलं. पण बऱ्याचदा या बातमीमागे भात आणि मासळी यांच्यातलं जुनं नातं बिघडल्याची गोष्ट असते. ते नातं कसं जमलं होतं, हे कळल्याशिवाय आजचं भांडण कळत नाही.

खाजन म्हणजे खाडीकाठची, भरतीच्या पातळीपेक्षा खोलगट जमीन. मांडवी, झुआरी आणि त्यांच्या फाट्यांच्या काठी बांध घालून ती भरतीच्या तोंडून सोडवून घेतलेली आहे. गोव्यात अशी सुमारे १७,५०० हेक्टर जमीन असल्याचं मानलं जातं. ही मेहनत किती जुनी? कोकणच्या मौर्य घराण्यातल्या अनिर्जितवर्म्याचा ताम्रपट बांदोड्याला सापडला, त्यात खाजन जमिनीच्या दानाचा उल्लेख आहे. म्हणजे दीड हजार वर्षांच्या आसपास तरी धरायला हवी. चिखल, पेंढा, बांबू आणि जांभा दगड एवढ्याच सामानावर आमच्या पूर्वजांनी समुद्राशी हद्द ठरवली.

या सगळ्याची किल्ली म्हणजे मानस. बांधात चिऱ्यांचं बांधकाम करून बसवलेली लाकडी दारं. भरतीचं पाणी बाहेरून रेटा देतं की दारं आपोआप मिटतात; ओहोटी लागली की आतलं पाणी त्यांना ढकलून बाहेर पडतं. ना यंत्र, ना वीज. मांडवीकाठच्या एका मानशीवर अमावास्येच्या रात्री मी बसलो आहे. ओहोटी सुरू झाली तसं लाकूड करकरलं, पाण्याला ओढ लागली आणि दाराशी लावलेलं जाळं फुगून ताठ झालं. तासाभराने ते वर ओढलं तेव्हा बॅटरीच्या उजेडात सुंगटांचे, म्हणजे कोळंब्यांचे, डोळे लाल चमकत होते. खाली चार शेवटे, एक काळुंदर असे खाडीतले मासे आणि जाळ्याला नांगी अडकवून बसलेली कुर्ली.

ही मासळी भातामुळे होती, हे महत्त्वाचं. पावसाळ्यात मानस भरतीला अडवी, पावसाचं पाणी जमिनीतला खार धुऊन ओहोटीबरोबर बाहेर नेई आणि कोरगूटसारखं खार सोसणारं भात पिके. कापणीनंतर खारं पाणी मापाने आत घेतलं जाई. त्याबरोबर माशांची, सुंगटांची पिल्लं येत, मानशीमागच्या खोलगट पोंयीत, म्हणजे पाणी साठणाऱ्या तळ्यात, वाढत, शेतातल्या कुजक्या धसकटांवर पोसलेलं बारीक खाद्य खात. पाणी आतल्या मेरांवरून, म्हणजे शेताभोवतीच्या छोट्या बांधांवरून, शेतात चढेल इतकं घ्यायचं नाही, हा दंडक होता. आधी भात, मग मासळी.

दंडक पाळून घेणारी संस्था होती गांवकारी, म्हणजे गावाची जमीन सामाईकपणे सांभाळणारी गांवकारांची संस्था. १५२६ साली पोर्तुगीज अधिकारी अफोंसो मेशियाने गांवकऱ्यांचे रीतिरिवाज 'फोराल'मध्ये लिहून काढले, म्हणजे ते त्याच्याही आधीपासून रुळलेले होते. पुढे गांवकारीचीच कोमुनिदाद झाली. मानशीवरच्या मासेमारीचा हक्क पावणीत बोली लावून दिला जाई, आणि गावाच्या उत्पन्नातून बांधांची डागडुजी होई. बांध राखणारा आणि मासळीचा पैसा घेणारा हात एकच होता. या व्यवस्थेला सोन्याचा मुलामा द्यायचं कारण नाही. गांवकार कोण आणि नुसता राबणारा कोण, हे जन्मावर ठरत होतं. म्हणून १९६४ चा कूळ कायदा आणि पुढे १९७६ ची दुरुस्ती हवीच होती. कसणाऱ्याला जमीन मिळाली, हा न्यायच झाला. पण बांधांची जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे आली तेव्हा त्यांच्यामागे शतकांची शिस्त नव्हती, आणि नेमक्या त्याच काळात कोळंबीला निर्यातीचा भाव आला.

इथे तराजू फिरला. मानशीची बोली भाताच्या उत्पन्नाला मागे टाकू लागली. बोली घेणारा बाहेरचा ठेकेदार असेल तर त्याला जास्त खारं पाणी, जास्त दिवस हवं असतं. दारं उघडी राहतात, पाणी मेरा ओलांडतं. दोन-तीन हंगाम असे गेले की कोरगूटसुद्धा उगवत नाही. त्यातच खनिजाच्या बार्जेसच्या लाटांनी नदीकाठचे बांध पोखरले. मजुरी महागली, पोरं नोकरीला गेली. पडीक शेतात खारफुटी उगवली, आणि खारफुटी तोडायला बंदी असल्यामुळे ते शेत परत शेत होणं कठीण झालं. २०११ च्या किनारा नियमन अधिसूचनेत खाजनांचं रक्षण करण्याची खास तरतूद आली खरी, पण कागद बांधावर चिखल टाकत नाही.

बांधाला खांड, म्हणजे भगदाड, पडली की ती लहान भरतीच्या दिवसांत, भांगाला, बुजवावी लागते. पुढच्या उधाणाच्या आत काम झालं नाही, तर आत-बाहेर करणारं पाणी ती रुंदावत नेतं. पूर्वी त्या चार दिवसांत घराघरातून माणूस टोपली घेऊन बांधावर येई. आता अर्ज जातो, पाहणी होते, निविदा निघते, आणि तोवर दोन उधाणं येऊन गेलेली असतात.