गायकांनी स्वतःसाठी बांधलेले सभागृह: बार्सेलोनाच्या ‘पालाउ’ची पार्श्वभूमी

बार्सेलोनाच्या जुन्या सांत पेरे वस्तीत, अरुंद गल्ल्यांमध्ये दाटीवाटीने उभे असलेले ‘पालाउ दे ला मूजिका कातालाना’ हे संगीत सभागृह 1997 पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. ते राजाने, सरकारने किंवा नगरपालिकेने बांधलेले नाही. ‘ऑर्फेओ काताला’ या हौशी गायकांच्या मंडळाने ते स्वतःसाठी उभारले, आणि वास्तू गाणाऱ्यांच्याच मालकीची होती हे लक्षात घेतल्याशिवाय तिचा पुढचा इतिहास नीट कळत नाही.

बार्सेलोना ज्यात येते त्या स्पेनमधील कातालोनिया प्रदेशात समूहगायनाची चळवळ त्याआधीच रुजली होती. जुझेप आन्सेल्म क्लावे यांनी 1850 मध्ये कामगारांचे पहिले गायकवृंद सुरू केले. दिवसभर राबलेल्या माणसाने संध्याकाळ गुत्त्यात न घालवता इतरांच्या सुरात सूर मिसळावा, अशी त्यांची तळमळ होती. पुढे 1891 मध्ये लुईस मिलेत आणि अमादेउ वीवेस या दोन तरुण संगीतकारांनी ‘ऑर्फेओ काताला’ची स्थापना केली. कातालान लोकगीते आणि युरोपातील अभिजात वृंदसंगीत या दोन्हींना एकाच मंचावर मानाचे स्थान देणे, हे या मंडळाचे वैशिष्ट्य ठरले.

मंडळ वाढले, तशी हक्काच्या वास्तूची गरज भासू लागली. सभासदांच्या वर्गण्या आणि शहरातील सधन कुटुंबांच्या देणग्या यांतून निधी जमला, आणि 23 एप्रिल 1905 रोजी, म्हणजे कातालोनियाचे संरक्षक संत जॉर्डी यांच्या सणाच्या दिवशी, कोनशिला बसवण्यात आली. वास्तुरचनाकार लुईस दोमेनेक इ मुंतानेर यांच्यापुढे जागा अपुरी आणि भोवती उंच घरे अशी अडचण होती. त्यांनी भार लोखंडी सांगाड्यावर घेतला आणि भिंतींच्या जागी रंगीत काचा बसवल्या. छतातून उलट्या घंटेसारखा खाली झुकलेला रंगीत काचेचा घुमट आंतोनी रिगाल्त यांनी घडवला. त्यामुळे दिवसा हे सभागृह सूर्यप्रकाशानेच उजळते. रंगमंचाच्या कमानीवरील शिल्पे मला या वास्तूचा जाहीरनामाच वाटतात: एका बाजूला क्लावे यांचा अर्धपुतळा आणि झाडाखाली गाणाऱ्या मुली, तर दुसऱ्या बाजूला थोर जर्मन संगीतकार बेटोव्हेन. कामगारांना गायला शिकवणारा माणूस इथे बेटोव्हेनच्या बरोबरीने उभा आहे. उद्घाटन फेब्रुवारी 1908 मध्ये झाले.

नंतरच्या पिढीला ही सजावट भडक वाटली आणि वास्तू पाडून टाकण्याची भाषाही झाली. सुदैवाने ती प्रत्यक्षात आली नाही. खरा आघात मात्र स्पेनमधील यादवी युद्धानंतर झाला. ते जिंकलेल्या हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीने 1939 मध्ये कातालान भाषेला सार्वजनिक जीवनातून हद्दपार केले आणि ऑर्फेओचे गायन बंद पडले, ते 1946 पर्यंत.

या पार्श्वभूमीवर 19 मे 1960 चा प्रसंग समजून घ्यावा लागतो. कवी जुआन माराग्याल यांच्या जन्मशताब्दीनिमित्त इथे कार्यक्रम होता. मंडळाच्या ध्वजासाठी 1896 मध्ये माराग्याल यांनीच लिहिलेले आणि मिलेत यांनी स्वरबद्ध केलेले ध्वजगीत गव्हर्नरने कार्यक्रमातून वगळायला लावले होते. गायकांना मनाई होती, म्हणून श्रोत्यांतील काही जण उठले आणि ते गाऊ लागले. पोलिसांनी मारहाण केली, धरपकड केली. त्याच सुमारास फ्रँकोविरोधी पत्रक काढल्याबद्दल जॉर्डी पुजोल यांना लष्करी न्यायालयाने सात वर्षांची शिक्षा सुनावली. तेच पुढे 1980 मध्ये कातालोनियाच्या स्वायत्त सरकारचे अध्यक्ष झाले.

लोकशाही आल्यावर, 1980 च्या दशकात, वास्तुरचनाकार ऑस्कार तुस्केत्स यांच्या देखरेखीखाली इमारतीचा जीर्णोद्धार आणि विस्तार झाला, आणि 2004 मध्ये तळघरात एका छोट्या सभागृहाची भर पडली. संस्थेच्या तत्कालीन अध्यक्षानेच केलेला पैशांचा अपहार 2009 मध्ये उघडकीस आला, तेव्हा शहराला बसलेला धक्का मोठा होता, कारण ती मूळची सभासदांनी वर्गणी काढून उभी केलेली वास्तू होती. ऑर्फेओ काताला हा गायकवृंद आजही तिथेच गातो.