विनादाम नोत्र दाम : एका मोफत प्रवेशाची पार्श्वभूमी

पॅरिसच्या नोत्र दाम कॅथेड्रलमध्ये शिरायला तिकीट लागत नाही. २०१९ च्या आगीनंतर साडेपाच वर्षांनी, डिसेंबर २०२४ मध्ये, ते पुन्हा उघडले तेव्हापासून वेळ आगाऊ राखून ठेवण्याची सोय झाली आहे, पण तीही विनामूल्य आणि ऐच्छिक आहे. मात्र त्याच इमारतीच्या मनोऱ्यांवर जायचे असेल, तर सप्टेंबर २०२५ पासून माणशी १६ युरो मोजावे लागतात, आणि वर ४२४ पायऱ्या चढाव्या लागतात त्या निराळ्याच. आतल्या भांडारघरालाही, म्हणजे आपल्याकडच्या मोठ्या देवस्थानांत ज्याला जामदारखाना म्हणतात तशा दालनाला, वेगळे तिकीट आहे. एकाच छपराखाली काही फुकट आणि काही विकत का, हा प्रश्न सहलीबरोबर गेलेल्या प्रत्येकाला पडतो आणि ‘चर्च आहे ना, मग फुकटच असणार’ या उत्तरावर तो बहुधा मिटतो.

हे उत्तर बरोबर नाही. मिलान, सेव्हिल आणि कँटरबरी येथील कॅथेड्रलही चर्चच आहेत, तेथेही रोज प्रार्थना होते, आणि तरीही पर्यटकाला दारात पैसे मोजावे लागतात. नोत्र दाममधील मोफत प्रवेशामागे धर्मसंस्थेचे औदार्य नाही असे नाही, परंतु त्याचा पाया एका कायद्यात आहे, आणि तो कायदा धर्मसंस्थेशी मसलत करून नव्हे, तर तिच्याशी भांडून केलेला आहे.

मध्ययुगाचा येथे फार विस्तार करण्याचे कारण नाही. बांधकाम ११६३ च्या सुमारास सुरू झाले आणि १३४५ पर्यंत ते बव्हंशी पूर्ण झाले, एवढे पुरे. त्या काळी भाविक आणि पाहुणा असा भेद दारात कोणी करीत नसे. भेद आत होता. धर्मगुरूंचा गाभा दगडी आडभिंतीने बंद असे आणि सामान्य माणूस बाहेरच्या सभागृहात उभा राही. पवित्र अवशेषांच्या दर्शनाला दुरून येणारा यात्रेकरू पैसे टाकीत असे, पण ते दान होते. तिकीट आणि दान यांतला फरक रकमेचा नसून सक्तीचा आहे, आणि पुढच्या सगळ्या वादाचे मूळ याच फरकात आहे.

मालकी बदलली ती राज्यक्रांतीत. नोव्हेंबर १७८९ मध्ये धर्मसंस्थेची मालमत्ता राष्ट्राच्या स्वाधीन करण्यात आली. १७९३ मध्ये दर्शनी भागावरील राजांच्या पुतळ्यांची मुंडकी उडवली गेली. ते बायबलमधील यहुदाचे राजे होते, पण जमावाला ते फ्रान्सचे वाटले. (त्यांपैकी एकवीस मुंडकी १९७७ मध्ये शहरातच एका इमारतीखाली सापडली आणि आता ती संग्रहालयात आहेत.) पुढे पोपशी करार होऊन इमारत उपासनेसाठी परत मिळाली आणि १८०४ मध्ये तेथे एका सम्राटाने स्वतःच्याच हाताने मुकुट घालून घेतला, परंतु मालकी काही परत गेली नाही. ती तेव्हापासून आजतागायत राज्याकडेच आहे, हे लक्षात ठेवले म्हणजे पुढचे समजणे सोपे जाते.

पर्यटक आला तो एकोणिसाव्या शतकात. १८३१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका कादंबरीने ही पडकी वास्तू लोकांच्या मनात पुन्हा उभी केली, आणि १८४५ ते १८६४ या काळात मोठा जीर्णोद्धार झाला. २०१९ च्या आगीत कोसळताना जगाने पाहिलेला मनोऱ्यासारखा उंच सुळका मध्ययुगीन नव्हता. मूळचा अठराव्या शतकाच्या अखेरीस उतरवला गेला होता आणि हा १८५९ चा होता. कठड्यावर हनुवटी तळहातांवर टेकवून शहराकडे पाहत बसलेला आणि हजारो छायाचित्रांत आलेला तो शिंगवाला प्राणीही त्याच जीर्णोद्धारातला आहे. त्याला सर्रास गार्गॉइल म्हणतात, पण गार्गॉइल म्हणजे पावसाचे पाणी भिंतीपासून दूर फेकणारी पन्हळ, आणि या प्राण्याच्या तोंडातून थेंबही पडत नाही. पुढे समोरची दाटीवाटीची घरे पाडून प्रांगण मोकळे करण्यात आले. मध्ययुगातल्या माणसाला ही दर्शनी भिंत गल्लीच्या तोंडाशी आल्यावर एकदम अंगावर आल्यासारखी दिसत असे. आजच्यासारखी दूर उभे राहून, चौकटीत बसवून ती पाहता येत नसे. थोडक्यात, इमारतीचे ‘प्रेक्षणीय स्थळ’ झाले आणि मग ते पाहण्याचे पैसे घ्यावेत की नाहीत, हा प्रश्न आला.

त्याचे उत्तर ९ डिसेंबर १९०५ च्या कायद्याने दिले. राज्य आणि धर्मसंस्था यांची फारकत करणारा हा कायदा फ्रेंच सार्वजनिक जीवनाचा कणा मानला जातो, आणि त्याविषयीची चर्चा बहुतेक वेळा शाळा, पेहराव आणि धर्मनिरपेक्षता यांच्याभोवती फिरते. पर्यटकाच्या दृष्टीने महत्त्वाचे ते सतरावे कलम. इमारतींची भेट आणि सूचीत समाविष्ट केलेल्या वस्तूंचे प्रदर्शन सार्वजनिक असेल आणि त्यासाठी कोणताही कर किंवा शुल्क आकारता येणार नाही, असा त्याचा आशय आहे. वाक्य लहान आहे, पण त्यात वापरलेला ‘भेट’ हा शब्द मुद्दाम पाहण्यासारखा आहे. त्या वाक्यात उपासनेचा उल्लेख नाही. भाविकाला फुकट आत सोडा असे हे कलम सांगत नाही, कारण भाविकाचा हक्क अन्यत्र सांगितलेला आहे. ते पाहायला येणाऱ्याबद्दल बोलते. म्हणजे आज ज्याला आपण पर्यटक म्हणतो त्याला तेथे मिळणारा मोफत प्रवेश ही भाविकांच्या सवलतीतून मिळालेला वाटा नाही, तो त्याचा स्वतंत्र हक्क आहे. मराठीत ‘दर्शन’ आणि ‘पाहणे’ हे दोन शब्द आपण सहज वेगळे ठेवतो, पण देवळात गेलेला माणूस दोन्ही एकाच खेपेत करतो, आणि त्याच्या मनात किती दर्शन व किती पाहणे होते हे दारावरचा रखवालदार सांगू शकत नाही. १९०५ च्या कायदेकर्त्यांनी ही निवड करण्याचे काम रखवालदारावर टाकलेच नाही, हे प्रस्तुत लेखकाच्या मते त्या कलमातले खरे शहाणपण आहे.

मात्र कायदा झाला आणि लगेच गुंता झाला. उपासनेच्या इमारती चालवण्यासाठी भाविकांनी संघटना स्थापन कराव्यात आणि त्या संघटनांना इमारती वापरायला द्याव्यात, अशी मूळ योजना होती. पोपने १९०६ मध्ये अशा संघटना स्थापन करण्यास मनाई केली. आता इमारत राज्याची, आणि ती वापरायला घेणारा कायदेशीर पक्षच नाही, अशी स्थिती झाली. त्यातून मार्ग काढण्यासाठी जानेवारी १९०७ मध्ये आणखी एक कायदा झाला. संघटना नसल्या तरी इमारती भाविकांच्या व धर्मगुरूंच्या उपासनेसाठी उपलब्ध राहतील, असे त्याने ठरवले. यातून जो संबंध तयार झाला त्याला मराठीत चपखल शब्द नाही. धर्मसंस्था मालक नाही, भाडेकरू नाही, भाडेही देत नाही, आणि तरीही मालकाला तिच्या संमतीवाचून आत मनाजोगे काही करता येत नाही. भिंती, छप्पर, पाया यांचा खर्च राज्याचा. दिवाबत्ती, ऊब, स्वागत आणि आतल्या रोजच्या कारभाराचा खर्च धर्मप्रांताचा, म्हणजे बिशपच्या अखत्यारीतील स्थानिक धर्मसंस्थेचा. आपल्याकडे सरकारने ताब्यात घेतलेली देवस्थाने आहेत आणि पुरातत्त्व विभागाकडील जिवंत देवळेही आहेत, पण मालकी एकाकडे व वहिवाट दुसऱ्याकडे अशी ही रचना दोन्हींपेक्षा वेगळी आहे. शिवाय ती देशभर सारखी नाही. अल्सास प्रांत १९०५ मध्ये जर्मनीकडे असल्यामुळे स्ट्रासबुर्गच्या कॅथेड्रलला हा कायदा आजही लागू नाही. तेथे धर्मगुरूंना पगारही राज्याच्या तिजोरीतून मिळतो.

मग मनोऱ्यांचे तिकीट कसे चालते? नंतरच्या काळात सार्वजनिक मालमत्तेच्या कायद्यात एक दार ठेवण्यात आले. उपासनेच्या इमारतीच्या एखाद्या भागाच्या भेटीसाठी खास व्यवस्था करावी लागत असेल, तर धर्मसंस्थेच्या संमतीने त्या भागासाठी शुल्क घेता येते आणि ते दोघांत वाटूनही घेता येते. शुल्काच्या यादीत मुख्य सभागृह येत नाही, पण मनोरा येतो, भांडारघर येते. म्हणून वर सांगितलेला विसंवाद खरे तर विसंवाद नाहीच.

१५ एप्रिल २०१९ च्या आगीविषयी वाचकांना वेगळे सांगायला नको. तिच्यानंतर सुमारे १५० देशांतील ३ लाख ४० हजार देणगीदारांकडून ८४ कोटी ६० लाख युरो जमा झाले. सुळका आधुनिक असावा की होता तसाच, यावर वर्षभर वाद झाला आणि २०२० मध्ये ‘होता तसाच’ असे ठरले. छपराचा लाकडी सांगाडा पुन्हा ओकच्या लाकडाचाच झाला आणि दगड इतका उजळला की जुन्या, धुरकट नोत्र दामची सवय असलेल्यांना तो नवा वाटतो. या सर्व काळात प्रवेशशुल्काचा विषय फारसा पुढे आला नव्हता.

तो आला ऑक्टोबर २०२४ मध्ये, उद्‌घाटनाला दीड महिना उरला असताना. तत्कालीन सांस्कृतिक मंत्र्यांनी एका मुलाखतीत सुचवले की पर्यटकांकडून नुसते ५ युरो घेतले तर वर्षाला ७ कोटी ५० लाख युरो मिळतील आणि त्यातून देशातील मोडकळीला आलेली इतर चर्च वाचवता येतील. अडचण खोटी नव्हती. फ्रान्समध्ये उपासनेच्या इमारती चाळीस हजारांवर आहेत, त्यांतील बहुसंख्य लहान ग्रामपालिकांच्या गळ्यात आहेत, आणि शंभर-दीडशे उंबऱ्यांच्या गावाला चर्चचे छप्पर शाकारणे परवडत नाही. तरीही या प्रस्तावाचे गणित कागदावर मांडून पाहावे. साडेसात कोटींना पाचाने भागले की दीड कोटी येतात, आणि पुन्हा उघडल्यानंतर वर्षाला सुमारे दीड कोटीच लोक येतील असा अंदाज तेव्हा सांगितला जात होता. आगीपूर्वीचा आकडा सुमारे १ कोटी २० लाखांचा होता. म्हणजे सांगितलेली रक्कम जमायची तर आत येणाऱ्या प्रत्येकाने, मिस्सेला, म्हणजे सामुदायिक प्रार्थनेला, आलेल्या आजीबाईंनी, मेणबत्ती लावून दोन मिनिटांत निघून जाणाऱ्या शेजाऱ्याने आणि पाळण्यातल्या बाळानेसुद्धा, ५ युरो द्यायला हवेत. भाविकांना वगळायचे असेल तर रक्कम घटते. न वगळावे तर उपासनेवर कर बसतो. प्रस्तावात पर्यटक हा शब्द होता, पण आकडेमोडीत तो नव्हता.

धर्मप्रांताचे उत्तर थोडक्यात होते: चर्चमध्ये प्रवेश मोफत ही फ्रान्समधील कॅथलिक धर्मसंस्थेची कायमची भूमिका आहे आणि आत येणाऱ्यांत यात्रेकरू कोण व पर्यटक कोण असा भेद करता येत नाही. शंभर वर्षांपूर्वी ज्या कायद्याचा पोपने निषेध केला, त्याच कायद्यातील तरतुदीचा बचाव आता धर्मसंस्था करीत होती आणि ज्या राज्याने तो केला त्याच राज्याचा मंत्री त्याला मुरड घालू पाहत होता. कायद्यात दुरुस्ती झाली नाही आणि दारे उघडली ती विनातिकीटच.

आत गेल्यावर ही सारी गुंतागुंत डोळ्यांना दिसते. प्रेक्षकांचा प्रवाह उत्तरेकडच्या, काहीशा अंधाऱ्या बाजूने आत सरकतो, वळसा घेतो आणि दक्षिणेकडच्या उजेडातून परततो. मध्यभागी मिस्सा चालू असते. खुर्च्यांवर बसलेले लोक उभे राहतात, बसतात, आणि त्यांच्या भोवती फोन वर धरलेल्यांची प्रदक्षिणा अखंड चालू असते; कोणी कोणाला थांबवत नाही, फक्त अधूनमधून शांततेची सूचना होते. मेणबत्त्यांपाशी पेटी आहे, आणि तिच्यात किती टाकायचे हे ज्याचे त्याने ठरवायचे. भांडारघराच्या दाराशी मात्र तिकीट काढावे लागते.

मंत्र्यांच्या त्या मुलाखतीत आणखी एक सूचना होती, जिच्याकडे तेव्हा कमी लक्ष गेले: युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्यांकडून संग्रहालयांनी जास्त दर घ्यावा. अजिंठा-वेरूळला भारतीयाला ४० रुपये आणि परदेशी पाहुण्याला ६०० रुपये हा दर वर्षानुवर्षे पाहिलेल्या आपल्याला त्यात नवल वाटू नये. संग्रहालयांच्या आड १९०५ चा कायदा येत नाही, त्यामुळे ही सूचना अमलात आली. नदीपलीकडच्या लूव्र संग्रहालयात जानेवारी २०२६ पासून युरोपीय संघातील प्रवाशाला २२ युरो पडतात, तर भारतातून गेलेल्याला ३२.