प्रयोगकला संस्थांचे डिजिटल व्यवस्थापन

नाटक, नृत्य, संगीत यांसारख्या कला रंगमंचावर सादर करणाऱ्या संस्थांची तिकीटविक्री, प्रेक्षकनोंदी, प्रसिद्धी व प्रक्षेपण ही कामे संगणक आणि आंतरजालाच्या साहाय्याने चालवण्याची पद्धत. या संस्थांची मूळ अडचण तंत्रज्ञानाहून जुनी आहे. विल्यम बॉमोल व विल्यम बोवेन या अर्थशास्त्रज्ञांनी १९६६ मध्ये ती नेमकी मांडली : चौघांच्या वादनाला आजही चौघेच लागतात आणि वेळही तितकाच लागतो, मानधन मात्र इतर उद्योगांबरोबर वाढत राहते. शिवाय पडदा उघडल्यावर रिकाम्या खुर्चीचे तिकीट कधीच विकता येत नाही. डिजिटल साधनांनीही हे बदलत नाही. प्रेक्षक कोण आहे हे मात्र त्यांमुळे कळते.

म्हणून प्रेक्षकांची यादी हीच संस्थेची खरी मिळकत. मोबाइल क्रमांक किंवा ईमेल ही ओळख धरून प्रयोग, खरेदीची तारीख, आसन व तिकिटांची संख्या नोंदवतात. एकाच माणसाच्या तीन नोंदी झाल्या की जुना चाहताही नवखा दिसतो, त्यामुळे दुबार नोंदी नियमितपणे एकत्र कराव्या लागतात. एकाने चार तिकिटे काढली तर उरलेले तिघे अनोळखीच राहतात. प्रत्येकाला ई-तिकीट स्वतंत्रपणे पाठवण्याची सोय ठेवल्यास त्यांतले काही यादीत येतात. त्रयस्थ संकेतस्थळामार्फत विक्री करायची असेल, तर ही माहिती संस्थेला मिळेल असे कलम करारातच हवे. ते नसले की आपल्याच प्रेक्षकाला बोलावण्यासाठी दर वेळी जाहिरातीचे पैसे मोजावे लागतात. समाजमाध्यमांवरील अनुयायी हा या यादीला पर्याय नव्हे, कारण कोणाला काय दिसावे हे ते माध्यम ठरवते. संदेश पाठवण्यासाठी प्रेक्षकाची संमती घेऊन तिची तारीखही जपावी. युरोपीय संघात मे २०१८ पासून याबाबतचे नियम कडक आहेत.

बुकिंग उघडल्यापासून रोजचा आकडा लिहून ठेवावा आणि मागील प्रयोगांच्या त्याच टप्प्याशी ताडून पाहावा. विक्री मागे पडते आहे हे तीन आठवडे आधी कळले, तर उपाय करता येतो. शेवटच्या दोन दिवसांत सरसकट सवलत देणे ही नेहमीची चूक : प्रेक्षक पुढच्या वेळी सवलतीची वाट पाहत थांबतो आणि आधी पूर्ण दर दिलेला दुखावतो.

प्रसिद्धीसाठी ३० ते ६० सेकंदांची उभी चित्रफीत रंगीत तालमीत टिपावी. पुष्कळ लोक आवाज बंद ठेवून पाहतात, म्हणून संवाद अक्षरांतही द्यावेत. कॅमेऱ्याचा शटर-वेग, म्हणजे एक चित्र टिपायला लागणारा वेळ, दिव्यांच्या लुकलुकीशी जुळला नाही तर चित्रात पट्टे उमटतात.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने डिसेंबर २००६ मध्ये आपले प्रयोग चित्रपटगृहांत थेट दाखवायला सुरुवात केली, लंडनच्या नॅशनल थिएटरने २००९ मध्ये. बर्लिन फिलहार्मोनिक या वाद्यवृंदाने स्वतःचेच वर्गणीचे संकेतस्थळ उभारले; श्रोत्यांशी थेट नाते ठेवण्याच्या दृष्टीने हा मार्ग अधिक शहाणपणाचा. रंगमंचीय प्रयोगाच्या परवानगीत ध्वनिचित्रमुद्रण व प्रक्षेपण आपोआप येत नाही. लेखक, संगीतकार, कलावंत आणि वापरलेल्या ध्वनिमुद्रिकेचे हक्कदार या प्रत्येकाची लेखी संमती तालमी सुरू होण्यापूर्वी घ्यावी. ती नसल्यास यूट्यूबची स्वयंचलित तपासणी ओळखीचे ध्वनिमुद्रण पकडून चित्रफीत रोखू शकते.

थेट प्रक्षेपणात १०८० पिक्सेल उंचीच्या चित्रासाठी सेकंदाला सुमारे ५ ते ६ मेगाबिट पाठवावे लागतात. जोडणीची क्षमता त्याच्या दुप्पट आणि तारेचीच असावी, कारण प्रेक्षागृह भरले की तिथल्या मोबाइल जाळ्यावर भार येतो. आवाज कॅमेऱ्याच्या मायक्रोफोनवरून न घेता सर्व मायक्रोफोनांचे आवाज एकत्र करणाऱ्या मिक्सरवरून घ्यावा. चित्रावर प्रक्रिया होताना ते किंचित मागे पडते, त्यामुळे आवाजही तितकाच उशिरा सोडावा लागतो. टाळी वाजवून हे अंतर प्रयोगापूर्वीच मोजतात.