सांबार आधी की शेवटी?

इंग्लंडात राहणाऱ्या भाच्याचा व्हिडिओ कॉल आला, तेव्हा तो गॅससमोर उभा होता आणि ओट्यावर तीन किलोंचा एक डबा होता. डब्यात चमचा बुडवून त्यानं सोनेरी-काळपट पाक वर उचलला. धार तुटता तुटेना. माझी मोठी बहीण, म्हणजे त्याची आई, ओसरीत तूर निवडत बसली होती. चष्मा वर सरकवून म्हणाली, "काकवी होय बाप्पा हे!"

"काकवी नाही आई, बिअरचं सामान आहे."

आमचा वर्धा जिल्हा दारूबंदीचा. बहिणीनं आधी दाराकडं पाहिलं, मग फोनचा आवाज बारीक केला. तिकडं स्वतःपुरती बिअर घरी करायला १९६३ पासून परवाना लागत नाही. महाराष्ट्रात विनापरवाना तेच केलं तर गुन्हा होतो. तेव्हा या लेखात कृती शोधू नका. मला भुरळ पडली ती त्या पातेल्यातल्या रसायनशास्त्राची.

काकवी म्हणण्यात बहिणीची फार चूक नव्हती. डब्यात होतं माल्ट एक्स्ट्रॅक्ट, म्हणजे जवाचा आटवलेला गोड रस. आता जव काही ऊस नव्हे. आपल्याकडच्या मोहफुलात साखर आयतीच असते. वाळलेल्या फुलाचं निम्म्याहून जास्त वजन साखरेचंच. जवाच्या दाण्यात मात्र असतो स्टार्च, आणि साखर खाऊन दारू बनवणाऱ्या यीस्टला स्टार्च खाता येत नाही. म्हणून जव भिजवून त्याला मोड आणतात. मोड येताना दाणा आपल्याच कोठारातला स्टार्च फोडायला विकरं (एन्झाइम) तयार करतो. तेवढ्यात त्याला गरम हवेत वाळवून थांबवायचं, भरडायचं आणि ६५ ते ६८ अंशांच्या पाण्यात तासभर ठेवायचं. विकरं पुन्हा कामाला लागतात, स्टार्चची साखर होते. हा रस कमी दाबाखाली आटवला की जेमतेम पाचवा हिस्सा पाणी उरलेला पाक मिळतो. थोडक्यात, पुरण विकत आणून पोळ्या घरी लाटायच्या. भाच्याला हे बोललो तर त्याला राग आला.

पण खरी गंमत पुढं होती. पाणी उकळलं, गॅस बंद करून पाक ढवळला (चालू गॅसवर तो तळाला लागतो), पुन्हा उकळी आली आणि त्यानं हिरव्या गोळ्या टाकल्या. हॉप. ही भांगेच्या कुळातली वेल, नशा मात्र नाही. तिच्या मादी वेलींना शंकूसारखी फुलं येतात आणि पाकळ्यांच्या बुडाशी पिवळी भुकटी असते. सगळा माल त्या भुकटीत. तासाभरानं गॅस बंद करताना त्यानं आणखी मूठभर टाकलं. आणि म्हणाला, आठवड्यानं बिअर आंबून शांत झाली की थंडच असताना अजून एकदा टाकणार.

"एकच पाला तीनदा काहून टाकतो रे?" बहिणीनं विचारलं.

"आई, तू वरणात सांबार कधी घालतेस?"

(विदर्भाबाहेरच्यांसाठी: सांबार म्हणजे कोथिंबीर. इडलीशी संबंध नाही.)

"उतरवल्यावर. आधी घातला तर वास उडून नाही जात का?"

उदाहरण छान, पण अर्धंच लागू पडतं. सांबार उकळला तर नुसता वास जातो. हॉप उकळलं तर वास जातो आणि एक नवी चव जन्माला येते. पिवळ्या भुकटीत ह्युम्युलोनसारखी आम्लं असतात. ती पाण्यात नीट विरघळत नाहीत आणि फारशी कडूही नसतात. उकळत्या पाण्यात या रेणूतलं सहा कार्बनचं कडं आवळून पाच कार्बनचं होतं. अणू तेवढेच, एकही कमी-जास्त नाही, फक्त मांडणी बदलली. हा नवा रेणू विरघळतोही आणि कडवटही लागतो. पण कामाला वेळ लागतो. तासभर उकळूनही साधारण पाव हिस्साच बदलून बिअरमध्ये उतरतो. हिशेब करून पाहा: ३० ग्रॅम हॉपमध्ये १० टक्के आम्ल धरलं तर ३ ग्रॅम. त्यातलं पाऊण ग्रॅम बदलून उतरलं आणि २० लिटरमध्ये पसरलं, तर लिटरमागं साडेसदतीस मिलिग्रॅम. एवढ्याशानं तोंड कडू होतं. शिवाय दूध-दही आंबवणाऱ्या लॅक्टोबॅसिलससारख्या जिवाणूंना हा कडवटपणा मानवत नाही, त्यामुळं बिअर लवकर आंबट होत नाही. जहाजानं महिनोन्‌महिने प्रवास करून हिंदुस्थानात येणाऱ्या पेल एल नावाच्या बिअरमध्ये हॉप सढळ असे, ते म्हणूनच.

वासाची तेलं मात्र उलट्या स्वभावाची. हॉपमधलं मायर्सिन आंब्यात आणि गवती चहातही असतं, जिरॅनिऑल तर रोशा गवताच्या तेलाचा मुख्य घटक. ही वाफेबरोबर निघून जातात. म्हणून शेवटची मूठ थंड बिअरमध्ये.

माझा विश्वास बसेना. हॉपच्या गोळ्यांची पुडी ऑनलाइन मागवली आणि नुसत्या पाण्यात दोन काढे केले. ना साखर ना यीस्ट, त्यामुळं कायद्याला भिण्याचं कारण नाही. एक तासभर उकळला. दुसऱ्यात पाणी गरम करून उतरवलं आणि गोळ्या दहा मिनिटं झाकून ठेवल्या. पहिला पाडव्याच्या कडुनिंबाची आठवण देणारा, वास जवळपास शून्य. घरभर मात्र दरवळ. दुसरा बऱ्यापैकी सौम्य, आणि झाकण काढताच संत्र्याच्या सालीसारखा भपकारा.

एल जातीच्या बिअरच्या यीस्टला १८ ते २२ अंश मानवतात. आंबताना भांडं स्वतःच तापतं, म्हणून खोली त्याहून थोडी गारच हवी. भाचा जानेवारीत भांड्याला घोंगडी गुंडाळतो. आमच्याकडं मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास. त्या उकाड्यात यीस्ट झपाट्यानं काम उरकतं आणि नेलपॉलिशसारख्या वासाची द्रव्यं मागं सोडतं. ऊनही वैरी. प्रकाशात तोच कडू रेणू तुटतो आणि त्यातून गंधकाचं कुजकट वासाचं संयुग होतं, म्हणून बाटल्या तपकिरी. हॉपची वेल तर इथं नीट फुलणं कठीणच. तिला उन्हाळ्यात लांब दिवस आणि हिवाळ्यात थंडी मानवते. आमचा मोठ्यात मोठा दिवससुद्धा साडेतेरा तासांच्या आतच संपतो. भारतात ती पिकते हिमाचलातल्या लाहौलमध्ये.

उरलेली पुडी तोंड न बांधता फ्रीजमध्ये ठेवली, ही माझी चूक. ही तेलं स्निग्ध पदार्थात चटकन मुरतात. चौथ्या दिवशी बहिणीनं सायीचं भांडं नाकाशी धरलं, माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "हे तूप आता तुझ्या भाच्यालेच पाठव."