गांजाचे वैधीकरण

गांजाचे वैधीकरण : गांजाची लागवड, विक्री व सेवन यांवरील बंदी उठवून हा व्यवहार परवाना, कर, वयाची अट आणि मालाची तपासणी यांच्या चौकटीत आणण्याचे धोरण. नुसती शिक्षा काढून टाकणे निराळे. त्यात ओढणारा सुटतो, पण माल चोरट्या बाजारातूनच येत राहतो.

वैधीकरणाच्या बाजूने केलेला सर्वांत सविस्तर जुना युक्तिवाद भारतातलाच आहे. भांग-गांजाच्या चौकशीसाठी ब्रिटिश सरकारने नेमलेल्या १८९३-९४ च्या ‘हेम्प ड्रग्ज’ आयोगाने सुमारे बाराशे साक्षी नोंदवल्या. गांजाने वेड लागते, या आक्षेपासाठी त्याने वेड्यांच्या इस्पितळांची दप्तरे काढली. कारणाच्या रकान्यात ‘गांजा’ होता खरा, पण तो बहुधा रुग्णासोबत आलेल्या पोलिसी कागदावरून उतरवलेला. संपूर्ण बंदी अनावश्यक ठरवून आयोगाने परवाने, कर आणि मोजकी दुकाने हा मार्ग सुचवला. नगर-साताऱ्याकडे तेव्हा गांजाचे पीक होई. बंगालमध्ये नौगाव (आता बांगलादेशात) परिसरातील परवानाधारक शेतकरी ‘पोद्दार’ नावाचा जाणकार बोलावत. फुलात बी धरू नये म्हणून तो नराची रोपे हुडकून उपटी. तयार माल सरकारी गोदामात जाई आणि कर भरल्यावरच बाहेर पडे.

अमली पदार्थांवरील १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारानंतर हे बदलले. भारताच्या १९८५ च्या एनडीपीएस (अमली पदार्थविरोधी) कायद्याने एकाच झाडाचे दोन भाग केले : फुलोऱ्याचे शेंडे म्हणजे गांजा, तो गुन्हा, नुसती पाने मात्र व्याख्येबाहेर, म्हणून भांग राज्यांच्या हाती. किलोभरापर्यंतचा गांजा बाळगला तरी वर्षभराची सक्तमजुरी होऊ शकते. या विसंगतीवर वैधीकरणवाद्यांचा मुख्य रोख असतो, आणि तो पटण्याजोगा आहे. बंदीने ओढणे थांबत नाही, पोलीस व न्यायालयांचा वेळ किरकोळ प्रकरणांत जातो आणि मालात काय मिसळले आहे हे कोणालाच कळत नाही, असे ते म्हणतात.

उरुग्वेने २०१३ मध्ये सर्वप्रथम देशभर वैधीकरण केले. तिथे नोंदणीकृत नागरिक औषधांच्या दुकानात बोटाचा ठसा देऊन महिन्याला ४० ग्रॅमपर्यंत गांजा घेऊ शकतो. घरी सहा झाडे लावणे किंवा सभासदांसाठी गांजा पिकवणाऱ्या क्लबचे सभासद होणे हे अन्य पर्याय. जाहिरातीला बंदी आहे आणि पर्यटकांना विक्री नाही. कॅनडाने २०१८ मध्ये खासगी कंपन्यांना अधिक वाव दिला.

विरोधकांचा सर्वांत वजनदार मुद्दा किशोरवयीनांचा आहे : कोवळ्या वयात नियमित आणि तीव्र गांजा ओढल्यास मनोविकाराचा धोका वाढतो. समर्थक हा धोका नाकारत नाहीत. चोरटा विक्रेता वय विचारत नाही, एवढेच ते दाखवतात. मात्र नियमांआधी मोकळीक दिली तर काय होते, याचे उदाहरण थायलंड. २०२२ मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून निघाला, सविस्तर कायदा झालाच नाही, आणि गल्लोगल्ली दुकाने उघडली. २०२५ मध्ये फुलोऱ्याच्या विक्रीला वैद्यकीय चिठ्ठी सक्तीची करावी लागली.