बर्फावरून घसरून पडणं आणि जागामालकाची जबाबदारी

कुणाच्या दुकानासमोर, पार्किंगमधी किंवा घराच्या पायऱ्यांवर साचलेल्या बर्फावरून माणूस घसरला, हाड मोडलं, तर दवाखान्याचा खर्च कुणी द्यायचा याचे नियम. मराठवाड्यात बर्फ कुठला, पडल्या तर गारा, २०१४ ला पडल्या तशा, पण लातूर-नांदेडची पोरं आता बोस्टन-टोरांटोला घरं घेऊन राहायलीत आणि तिथं घरासोबत फावडं पण गळ्यात पडतं.

नुसता मालक आहे म्हणून भरपाई द्यावी लागते असं नाही. धोका त्याला माहीत होता का, नसला तर माहीत असायला पाहिजे होता का आणि बर्फ काढायला पुरेसा वेळ मिळाला का, कोर्ट हे बघतं. न्यूयॉर्कात बर्फ पडणं चालू असतानाच कुणी घसरलं तर मालक बहुतेक सुटतो, थांबल्यावर मात्र ४ तासांत फुटपाथ साफ करायचा, त्यात रात्री ९ ते सकाळी ७ धरत नाहीत.

बोस्टन ज्या राज्यात आहे त्या मॅसॅच्युसेट्सचा जुना नियम तर उलटाच होता, आपोआप साचलेल्या बर्फाला हातच लावला नाही तर मालक मोकळा, आणि बिचाऱ्यानं ढीग करून ठेवला, तो वितळून पुन्हा गोठला की हा अडकला! २०१० ला तिथल्या सर्वोच्च कोर्टानं हा फरक काढून टाकला, आता वाजवी काळजी घेतली का एवढंच विचारतात. तिथं पडणाऱ्याची चूक निम्म्याहून जास्त निघाली तर त्याला काहीच मिळत नाही.

पुरावा दुपारपर्यंत वितळून जातो म्हणून फोटो आधी काढायचे, आणि लेखी नोटीस मॅसॅच्युसेट्समधी ३० दिवसांत, टोरांटो ज्या प्रांतात आहे त्या ओंटारियोत ६० दिवसांत द्यायची.

आपल्याकडं बर्फाच्या जागी ओली शहाबादी फरशी आणि पावसाळ्यातलं शेवाळ. यासाठी वेगळा कायदा नाही, निष्काळजीपणाचा दिवाणी दावा लावावा लागतो. दिल्लीच्या चांदणी चौकातला घंटाघर कोसळला होता त्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं १९६६ ला महापालिकेला जबाबदार धरलं, दोष वरून दिसत नव्हता हे कारण चाललं नाही. पैसे देऊन सेवा घेतलेली असेल, म्हणजे लॉज, मंगल कार्यालय वगैरे, तर ग्राहक आयोगात पण जाता येतं, मुदत २ वर्षं.