वेल-फॉर्म्ड आणि व्हॅलिड: केळीच्या काटापावत्यांत सापडलेला फरक

रावेर-यावलकडच्या केळीच्या काटापावत्या (वजनकाट्यावरच्या पावत्या) एक्सएमएलमधून, म्हणजे टॅग लावून माहिती लिहिलेल्या फाइलमधून उचलून जावाच्या ऑब्जेक्टमध्ये भरायच्या होत्या. त्यासाठी जॅक्सबी ही जावाची लायब्ररी वापरली होती. प्रोग्राम कुठेच अडला नाही. संध्याकाळी बेरीज पाहिली तर तीन ट्रकांचं वजन शून्य! फाइलमध्ये मात्र वजन होतं, फक्त देवनागरी अंकांत टाइप केलेलं.

आम्हा प्रोग्रामरांतले बरेच जण इथेच घोटाळा करतात. ‘फाइल वाचली गेली, म्हणजे ती बरोबर आहे’ असं धरून चालतात.

वेल-फॉर्म्ड म्हणजे एक्सएमएलचं व्याकरण सांभाळलेलं. उघडलेला टॅग बंद केलाय, पेढीच्या नावात ‘&’ हे चिन्ह मोकळं सोडलेलं नाही, एवढंच. हे चुकलं तर पार्सर (एक्सएमएल वाचणारा प्रोग्राम) पुढचं काम थांबवतो. १९९८ सालच्या एक्सएमएल १.० चा नियमच तसा आहे. ही चूक लपत नाही, म्हणून तिची मला फारशी भीती वाटत नाही.

व्हॅलिड म्हणजे एक्सएसडी स्कीमात, म्हणजे फाइलमध्ये काय आणि कसं असावं याच्या नियमांच्या फाइलमध्ये, ठरवलेलं पाळणारी फाइल. स्कीमात बागेचा प्रकार ‘मृगबाग’ किंवा ‘कांदेबाग’ एवढाच ठेवला असेल, तर ‘कांदे बाग’ चालत नाही. वजन पूर्णांक ठरवलं असेल, तर इंग्रजी अंकच लागतात. मधे स्वल्पविरामही चालत नाही. आमची फाइल वेल-फॉर्म्ड होती, व्हॅलिड नव्हती.

मग जॅक्सबी गप्प का राहिलं? कारण सेटस्कीमा ही मेथड वापरून स्कीमा दिल्याशिवाय ते त्या स्कीमाशी काही ताडून पाहतच नाही. क्लास त्याच एक्सएसडीवरून बनवले असले तरी नाही. रिक्वायर्ड ट्रू (म्हणजे ‘हे हवंच’) लिहिलेलं फील्ड फाइलमधून गायब असलं तरी नाही. जॅक्सबी २ मध्ये न वाचता आलेला अंक सोडून दिला जातो आणि इंट (पूर्णांकाचं) फील्ड शून्यावरच राहतं. शेतकऱ्याचा पैसा त्या शून्यावर ठरणार असेल, तर ही शांतता फार महागात पडते.

स्कीमा जोडला की पहिल्याच चुकीला एक्सेप्शन येतं आणि वाचन तिथेच थांबतं. पण दिवसभराच्या पावत्या एकाच फाइलमध्ये असतील तर एकेक चूक दुरुस्त करून परत चालवणं परवडत नाही. तिथे व्हॅलिडेशन इव्हेंट हँडलर, म्हणजे चूक सापडली की चालणारा आपला कोड लावावा. त्याने ट्रू परत केलं तर वाचन पुढे चालतं, फॉल्स केलं तर थांबतं. चुका नुसत्या गोळाच करायच्या असतील तर तयार व्हॅलिडेशन इव्हेंट कलेक्टर आहे. प्रत्येक चुकीसोबत ओळ क्रमांकही मिळतो.

मात्र ट्रू दिल्याने चूक दुरुस्त होत नाही. ऑब्जेक्ट हातात येतो, आत ते शून्य तसंच असतं. म्हणून कलेक्टरमध्ये एक जरी नोंद असली, तरी मी ती फाइल डेटाबेसपर्यंत जाऊ देत नाही. ओळ क्रमांकांची यादी काट्यावर परत पाठवतो. तिथल्या माणसाकडे मूळ पावती असते, खरं वजन त्यालाच माहीत असतं.